लाल तांदूळ, काळा तांदूळ आणि तब्येत: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात बसलं की काळ्या तांदळाची चौकशी रोजची. कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाला मुलीनं पुण्याहून फोन करून बजावलेलं असतं, कुणाचा साखर निघाल्यापासून पांढरा भात बंद झालेला असतो. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. आम्ही तांदूळ विकतो, पण खपावा म्हणून त्याला औषध म्हणणार नाही. गोळ्या बदलायच्या असतील तर डॉक्टरांना विचारा. तांदूळ बदलायचा असेल तर पुढचं वाचा.

तांदळाला हा रंग येतो कुठून? वरून लावलेला असतो का?

नाही. भाताचं तूस काढलं की खाली कोंड्याचा पातळ थर लागतो आणि सगळा रंग त्या थरात असतो. आतला दाणा लाल तांदळाचाही पांढरा आणि काळ्याचाही पांढराच. काळा तांदूळ खरं तर गडद जांभळा. त्यात अँथोसायनिन ही रंगद्रव्यं असतात आणि त्यांत मुख्य सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल यांचा रंगही याच घराण्यातला. लाल तांदळाचं खातं वेगळं. त्यात प्रोअँथोसायनिडिन असतं, म्हणजे टॅनिनच्या जातीचं द्रव्य. कच्चा लाल दाणा चावला की जिभेला किंचित तुरट लागतं ते त्यामुळं.

भाताचा मूळ रंग लालच. रानभाताचे दाणे लाल असतात. आरसी नावाच्या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळाली आणि त्यातून बहुतेक पांढऱ्या जाती आल्या, हे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. पांढरा दाणा लोकांना आवडला, शिजायलाही सोपा, म्हणून माणसानं हजारो वर्षं तोच निवडून पेरला. तेव्हा लाल तांदूळ ही नवी फॅशन नाही. नवा आहे तो पांढरा.

आजऱ्याचा काळा जिरगा म्हणजे काळा तांदूळच ना?

नाही. ही गल्लत रोज होते. काळ्या जिरग्याचं तूस काळं, आतला तांदूळ पांढरा, बारीक आणि वासाचा. उत्तर प्रदेशातल्या काळानमकचंही तेच. भात काळं दिसतं, ताटात पांढराच भात येतो. तूस गिरणीतच जातं, ते कुणी खात नाही, त्यामुळं त्याच्या रंगाचा तब्येतीला उपयोग शून्य.

आजरा घनसाळसुद्धा पांढराच. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते वासासाठी आणि चवीसाठी. घनसाळ आवडीनं खावा, सणाला तर खावाच, पण अँटिऑक्सिडंटसाठी म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढं जावं.

मग आपल्या भागात खरा रंगीत तांदूळ कोणता मिळतो?

लाल तांदूळ आपल्याला परका नाही. गगनबावड्याचा घाट उतरला की सिंधुदुर्गात वालय, बेळा, मुणगा ही नावं अजून कानावर पडतात आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर तिथली सकाळ होते. कोकणातच पुढं पाटणी मिळतो. आपल्या घाटमाथ्यावर राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडं जुन्या माणसांनी घरापुरता राखलेला तांबडा भात अधूनमधून बाजारात येतो. पोत्यावर जातीचं नाव नसतं, विचारलं की उत्तर येतं, "आमचं घरचंच हाय, आज्ज्याच्या टायमापासनं." दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं शिरगावच्या संशोधन केंद्रातून रत्नागिरी-७ ही लाल तांदळाची सुधारित जात दिली आहे. ज्यांना नियमित माल हवा त्यांना ती बरी, कारण दाणा एकसारखा मिळतो.

बाहेरच्यांत केरळचा नवरा आणि पालक्काडचा मट्टा हे लाल, तमिळनाडूचा करुप्पू कवुनी काळा आणि मणिपूरचा चाकहाओ काळा. चाकहाओला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गेल्या काही वर्षांत आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतही काही शेतकरी काळा तांदूळ करू लागलेत. पाकिटावर "मणिपुरी" लिहिलेलं असलं तरी माल कुठल्या शिवारातला आहे ते विचारून घ्यावं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय? काळ्या तांदळात सगळ्यात जास्त असतात, हे खरं का?

शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही आक्रमक रेणू तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते पेशींच्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला धक्का लावतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्यं ती अँटिऑक्सिडंट. यांतली बरीचशी शरीर स्वतःच बनवतं, काही अन्नातून येतात.

काळ्या तांदळात ती पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, यात वाद नाही. पण हे मोजलं जातं परीक्षानळीत. नळीतला आकडा आणि रक्तातला परिणाम यांच्यात पोट, आतडं, यकृत एवढे टोलनाके आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याची ओरॅक नावाची एक यादी होती, कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट क्षमता आहे त्याची. कंपन्या तिचा जाहिरातीसाठी वापर करू लागल्या आणि त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध सिद्ध होत नव्हता, म्हणून २०१२ मध्ये त्या खात्यानं ती यादी मागं घेतली. तरी आजही पाकिटांवर "ओरॅक मूल्य" छापून येतं. असलं पाकीट दिसलं की आमचा त्या विक्रेत्यावरचा विश्वास तिथंच कमी होतो.

मग खाल्लेलं अँथोसायनिन जातं कुठं? २०१३ मध्ये एका अभ्यासात पुरुष स्वयंसेवकांना खूण केलेलं सायनिडिन-३-ग्लुकोसाइड देऊन त्याचा माग काढला. त्यातलं सुमारे १२ टक्के शरीरात शोषलं गेलं, तेही बहुतांश तुकड्या-तुकड्यांत, दुसऱ्या द्रव्यांच्या रूपात. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती लागतं. हे तुकडेच काही उपयोगी काम करत असावेत, असं आता संशोधकांना वाटतं. थोडक्यात, "फ्री रॅडिकल धुऊन काढतो" ही जाहिरातीतली भाषा. खरा कारभार जास्त गुंतागुंतीचा आणि बऱ्याच कमी गाजावाजाचा आहे.

असं असेल तर रंगीत तांदूळ खाऊन फायदा काय?

फायदा आहे, पण लोक बघतात तिथं नाही. रंग राहिला याचा अर्थ कोंडा राहिला, आणि मोल कोंड्याचं जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात तंतू २.८१ ग्रॅम, बिनपॉलिशच्यात ४.४३. प्रथिनं ७.९४ विरुद्ध ९.१६. आणि ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन ०.०५ मिलिग्रॅम विरुद्ध ०.२७. पाचपट! पॉलिश मारताना सगळ्यात मोठं नुकसान याचंच होतं.

हे नुकसान किती महागात पडू शकतं ते जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं. तिथं बेरीबेरीनं माणसं लुळी पडत होती. ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं, की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लंगडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की पुन्हा उठून चालायला लागतात. त्या कामासाठी त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. आपल्याकडं भाताबरोबर डाळ, भाकरी, उसळ असते, म्हणून तेवढी पाळी येत नाही. पण दोन्ही वेळ नुसता पांढराशुभ्र भात आणि पातळ आमटी एवढ्यावर भागवणारी म्हातारी माणसं आजही आहेत. त्यांच्या ताटात फरक पडतो.

रंगद्रव्यांबद्दलही अगदीच हात रिकामे नाहीत. चीनमध्ये २००७ साली हृदयविकाराच्या ६० रुग्णांवर सहा महिने प्रयोग झाला. रोज काळ्या तांदळाच्या रंगीत भागाचे १० ग्रॅम दिलेल्यांच्या रक्तातल्या दाहाच्या काही खुणा कमी झाल्या. मात्र त्यांना दिला तो भात नव्हता, वेगळा काढलेला रंगीत भाग होता, आणि ६० माणसं म्हणजे लहान प्रयोग. "काळा तांदूळ खा, हार्ट अटॅक टाळा" असं त्यातून निघत नाही.

साखर आहे. लाल किंवा काळा तांदूळ मनसोक्त खाल्ला तर चालेल का?

मनसोक्त नाही. रोज विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळं जरा सविस्तर.

तांदूळ कुठलाही असो, आत स्टार्चच. कोंड्यामुळं तो पचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळं साखर जरा सावकाश चढते. चेन्नईत २०१४ मध्ये जास्त वजनाच्या १५ जणांवर साखर सतत मोजणारं यंत्र लावून बघितलं. पांढऱ्याऐवजी बिनपॉलिशचा तांदूळ दिल्यावर दिवसभरातली साखरेची चढ सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. त्याच तांदळाबरोबर कडधान्य दिलं तेव्हा सुमारे २३ टक्के. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (२०१०) आठवड्याला पाच किंवा जास्त वेळा पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाची जोखीम १७ टक्क्यांनी जास्त दिसली आणि बिनपॉलिशचा तांदूळ आठवड्याला दोनदा तरी खाणाऱ्यांत ११ टक्क्यांनी कमी. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, कारण तसला तांदूळ खाणारी माणसं व्यायामही करत असतात. तरी रोख कुठं आहे ते कळतं.

आता आडमार्गाची एक गोष्ट, जी पाकिटावर कधीच नसते. साखर किती भरभर चढणार ते रंगावर कमी आणि स्टार्चच्या जातीवर जास्त ठरतं. अमायलोज हा स्टार्चचा एक प्रकार; तो जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो आणि सावकाश पचतो. अमायलोज कमी असला की भात चिकट होतो आणि पटकन पचतो. मणिपूरचा चाकहाओ हा चिकट जातीचा आहे. तिथं त्याची खीर करतात ती त्यामुळंच इतकी दाट होते. म्हणजे काळाकुट्ट दिसतो म्हणून साखरेला हमखास चांगला, असं धरून चालू नका. मोकळा शिजणारा लाल उकडा तांदूळ साखरवाल्यांना कदाचित जास्त मानवेल.

तुमच्या अंगाला काय मानवतं ते ग्लुकोमीटर सांगतो. एक दिवस मोजून एक वाटी भात खा, दोन तासांनी साखर बघा. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा भात, तेवढीच आमटी, पुन्हा बघा. शेजाऱ्याला काय मानवलं यावर जाऊ नका. आणि भात "चांगला" आहे म्हणून एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या तर सगळा हिशेब पाण्यात. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहारातला बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

वजन उतरतं का?

नुसत्या तांदळानं नाही. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, पॉलिशवाला असो वा बिनपॉलिशचा. कोंड्याच्या भातानं पोट लवकर भरतं आणि चावून खावा लागतो म्हणून हात आखडतो, एवढाच काय तो लाभ.

कॅन्सर होत नाही म्हणतात. काळ्या तांदळाच्या गोळ्याही मिळतात ना?

कॅन्सर टळतो असं म्हणायला माणसांवरचा पुरावा नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर जे दिसतं ते बातमीत येताना माणसावरचं होऊन जातं.

गोळ्यांबाबत तर जास्तच सावध राहा. फळं-भाज्यांतलं बीटा कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंट, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना ते गोळ्यांतून देऊन बघितलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसलाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मधेच थांबवावा लागला. अन्नातून जे भलं ते बाटलीतूनही भलं ठरेल, असं नाही.

कुकरला लावला तर गुण जातात का?

रंगातला मोठा भाग जातो, हे खरं. २००९ च्या एका अभ्यासात काळ्या तांदळातलं सायनिडिन-३-ग्लुकोसाइड प्रेशर कुकरमध्ये सुमारे ८० टक्के कमी झालं, विजेच्या राइस कुकरमध्ये ७४ आणि गॅसवर साध्या भांड्यात ६५ टक्के. त्याचा काही भाग प्रोटोकॅटेच्युइक ॲसिड या दुसऱ्या द्रव्यात बदलतो, तेही अँटिऑक्सिडंटच. तंतू आणि खनिजं मात्र कुकरला भीत नाहीत. त्यामुळं कुकर टाळण्यासाठी तासभर गॅस जाळू नका.

करायची रीत अशी. काळा तांदूळ एकदोनदा हलक्या हातानं धुवा, चोळू नका. रात्री भिजत घाला. भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यातच शिजवा; रंग पाण्यात उतरतो आणि पाणी मोरीत गेलं की महागाचा मालही मोरीत. एका वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी, कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंत झाकण नको उघडायला. लाल तांदळाला दोन-तीन तासांचं भिजवणं पुरतं. काळा दाणा शिजल्यावरही दाताखाली लागतो. तो कच्चा राहिला असं समजून पुन्हा पुन्हा शिट्ट्या देत बसू नये. सुरुवातीला इंद्रायणीत चौथा हिस्सा मिसळून करा, पण काळा आधी भिजवून. दोन्ही एकदम कोरडे टाकले तर इंद्रायणीचा गिच्च गोळा होतो आणि काळा कडकडीत राहतो.

रंग मारलेला तांदूळ कसा ओळखायचा? धुताना पाणी जांभळं झालं, म्हणजे भेसळच ना?

पाणी जांभळं झालं म्हणजे भेसळ नव्हे. अँथोसायनिन पाण्यात विरघळतंच. उलट काळा तांदूळ भिजवूनही पाणी स्वच्छ राहिलं तर शंका घ्या.

मूठभर तांदूळ पांढऱ्या ताटलीत पसरा आणि त्यातली कणी निवडा. तुटलेल्या दाण्याचं तोंड उजेडात धरा. अस्सल तांदळात तुटलेली बाजू पांढरी दिसते आणि कडेनं रंगाची बारीक रेघ. दाणा रंगात बुडवून काढला असेल तर तुटलेल्या तोंडालाही रंग चढलेला असतो, कारण कणी काही रंगवताना वगळता येत नाही. दुसरं, नखानं किंवा चाकूच्या टोकानं दाणा खरवडा. रंग सालीसारखा सुटावा आणि खाली पांढरं लागावं. तिसरं, सगळे दाणे छापल्यासारखे एका रंगाचे असतील तर जरा थांबा. खऱ्या मालात काही दाणे फिके, काही तपकिरी, एखादा हिरवट असतोच.

काळ्यासाठी आणखी एक करून बघता येतं. भिजवलेल्या पाण्याच्या दोन वाट्या करा. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा. लिंबवाली गुलाबी-लाल होते, सोड्याची निळसर-हिरवट. आंबट आणि सोड्याच्या पाण्यात रंग पालटणं हा अँथोसायनिनचा स्वभाव. साधा कृत्रिम रंग सहसा असा फिरत नाही. शाळेतल्या पोरांना ही गंमत फार आवडते, सुट्टीच्या दिवशी करून दाखवा. लाल तांदळाला मात्र ही कसोटी लावू नका. त्याचं रंगद्रव्य वेगळं, पाणी नुसतं गंजासारखं तांबूस होतं.

हातसडीचा, सिंगल पॉलिश, उकडा. यांतला कुठला घ्यावा?

लाल तांदळाला पूर्ण पॉलिश मारलं की तो पांढराच होतो, मग लाल म्हणून जादा पैसे कशाला मोजायचे? हातसडीचा म्हणजे उखळात मुसळानं कांडलेला. त्यात कोंडा बराच राहतो. आता मुसळ फारसं कुठं चालत नाही. बाजारात "हातसडी" म्हणून मिळतो तो बहुतेक गिरणीतून फक्त तूस काढलेला किंवा एक हात हलकं पॉलिश दिलेला असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त नावाचे पैसे देऊ नका. दाण्यावर लाल रंग किती सलग आहे ते बघा. पट्टे-पट्टे दिसत असतील तर तेवढा कोंडा उडालेला आहे.

उकडा तांदूळ म्हणजे भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला. वाफेच्या वेळी कोंड्यातली काही जीवनसत्त्वं आतल्या दाण्यात मुरतात, म्हणून तो सडला तरी सगळं जात नाही. कोकणातल्या माणसांनी हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय जमवलं. घाटावर आपल्याला त्याचा वास पहिल्यांदा उग्र वाटतो. पेज करून सुरुवात केली की सवय होते.

रक्त वाढतं का? सुनेचं हिमोग्लोबिन कमी आहे.

लाल रंग लोहाचा नाही, हे आधी लक्षात घ्या. बिनपॉलिशच्या तांदळात लोह थोडं जास्त असतं, पण त्याच कोंड्यातलं फायटेट आणि टॅनिन ते शोषू देत नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, पालेभाजी आणि हुलग्याचं माडगं ताटात येऊ द्या, भातावर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको. आपल्याकडं हे सांगणं अवघड, पण तास-दीड तास तरी थांबा.

लहान मुलं, म्हातारी माणसं, किडनीचे रुग्ण यांनी खावा का?

बाळाला द्यायचा तर भाजून, दळून, चाळून, पातळ शिजवून, आणि तोही इतर धान्यांबरोबर आलटून-पालटून. दात नसलेल्यांना पेज किंवा मऊ खिचडी. ज्यांना तंतूची सवय नाही त्यांचं पोट पहिले काही दिवस फुगतं. हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या. किडनीच्या रुग्णांनी मात्र विचारल्याशिवाय बदल करू नये. कोंड्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम जास्त असतं आणि त्यांना नेमकं तेच सांभाळायचं असतं. इथं पांढरा भातच योग्य ठरू शकतो.

आयुर्वेदात लाल तांदळाचं काही आहे का?

आहे. चरकसंहितेत शूकधान्यांमध्ये रक्तशाली, म्हणजे लाल साळ, सर्वांत पथ्यकर म्हटली आहे. साठ दिवसांत तयार होणाऱ्या षष्टिक भाताचीही तिथं थोरवी आहे. केरळात नवऱ्याचा तांदूळ दुधात आणि काढ्यात शिजवून त्याच्या पुरचुंडीनं अंग शेकतात. पण आज पाकिटातला लाल तांदूळ म्हणजे चरकांची रक्तशालीच, असं छातीठोक सांगणाऱ्याला कुठल्या आधारावर ते विचारा.

चीनच्या बादशहाशिवाय कुणाला हा तांदूळ खायची परवानगी नव्हती म्हणे?

गोष्ट छान आहे. तांदळाची किंमत वाढवायला उपयोगी पडते.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर कसा लागतो?

खरं सांगायचं तर पांढऱ्या रश्श्याला इंद्रायणीच हवा. काळ्या भातावर पांढरा रस्सा ओतला की ताट राखाडी दिसतं आणि पाहुणे घास घ्यायला कचरतात. तांबड्याबरोबर लाल तांदूळ मात्र झकास जमतो; दाणा रस्सा पितो, तरी लगदा होत नाही. सुक्या मटणाबरोबरही चालतो.

लाल तांदळाच्या पिठाची भाकरी गरम पाण्यात उकड काढून केली तर तुटत नाही. घावन होतात, आंबोळी होते. काळ्याची खीर करायची तर तांदूळ रात्री भिजवून, जरासा भरड वाटून, नारळाच्या दुधात शिजवा आणि आपला गूळ शेवटी, गॅस बंद करून घाला. आधी घातला तर तांदूळ शिजायचा थांबतो आणि दूध घातलेली खीर असेल तर फाटते. खीर जांभळी दिसते, पोरं आईस्क्रीम समजून खातात. ती गोडच आहे, हे साखरवाल्यांनी विसरू नये.

काळा तांदूळ इतका महाग का? आम्ही शेतात लावला तर परवडेल?

उतारा कमी, मागणी शहरातली, आणि छोट्या लॉटला गिरणी मिळत नाही. तूस काढताना कोंडा शाबूत ठेवायचा तर रबरी रोलरची गिरणी लागते. गावातल्या जुन्या हलरमध्ये घातला तर निम्मा रंग कोंड्याबरोबर उडतो आणि कणी पडते ती वेगळी.

जुन्या जाती उंच वाढतात. नत्राचा हात सैल सोडला आणि परतीच्या पावसात वारं सुटलं की भात लोळतं. इंद्रायणीच्या शेजारी लावणार असाल तर अंतर ठेवा, मळणीचं यंत्र झाडून घ्या आणि बी वेगळं ठेवा. रंगीत दाण्याचे परागकण शेजारी गेले तर त्या वर्षी काहीच दिसत नाही, कारण कोंड्याचा थर आईच्या झाडाचा असतो. तेच बी पुढच्या हंगामात पेरलं की मग लोंब्यांत तांबडे दाणे निघतात आणि व्यापारी इंद्रायणीचा भाव पाडतो. आणि एक: गिऱ्हाईक आधी ठरवा, मग रोप टाका. काळा तांदूळ घरी पडून राहिला तर पांढऱ्यासारखा वर्षभर थांबत नाही.

म्हणजे तो किती दिवस टिकतो? कसा ठेवायचा?

कोंड्यात तेल असतं. हवा आणि उष्णता लागली की ते खवट होतं. पांढरा तांदूळ जुना झाला की भाव वाढतो, इथं उलटं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तर महिन्या-दीड महिन्यात वास बदलू शकतो. म्हणून घरात लागेल तेवढाच, दोन-तीन किलो घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये जागा असेल तर तिथं. उकडा तांदूळ जरा जास्त टिकतो, कारण वाफेनं तेल खवट करणारं द्रव्य निकामी होतं. बोरिक पावडर लावू नका. कडुलिंबाचा सुकलेला पाला फडक्यात बांधून ठेवला तरी पुरे.

घेताना डबा उघडून वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर परत करा, आमच्याकडचा असला तरी. नवा माल दिवाळीनंतर यायला लागतो. त्या वेळी घेतलेला सगळ्यात ताजा, फक्त नवा असल्यामुळं पाणी अर्धी वाटी कमी घाला.